लाभ, दोन, तीन, चार

शेषरावाचा हात गावात नावाजलेला होता. त्याच्या गोफणीतला दगड दोन वावरं ओलांडून पोपटांच्या थव्यात पडायचा, आणि ही गोष्ट लोकांआधी तो स्वतःच सांगायचा. त्यामुळे चीनच्या लढाईनंतर गावोगावची माणसं होमगार्डात भरती होऊ लागली आणि चिखलीच्या मैदानावर हातबॉम्ब फेकायला शिकवतात असं कानावर आलं, तेव्हा त्याला वाटलं की सरकारनं हे खातं आपल्यासाठीच काढलंय. प्रत्येक गावातून एकाला टोळीनायक करणार होते. टोळीनायकाच्या बाहीवर लाल फीत. शेषरावानं पहिल्याच दिवशी बायकोला, मंजुळाबाईला, सुईदोरा काढून ठेवायला सांगितलं. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

त्याच गावातून कडूबाही भरती झाला. कडूबा गावचा मापारी. खळ्यावर ज्वारीची रास पडली की पायलीनं ती मोजायला त्यालाच बोलावणं जायचं. हात काडीसारखे, छाती आत गेलेली, पण आवाज असा की ऐकत राहावं. मापारी पहिल्या पायलीला कधी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. राशीला बरकत यावी म्हणून. कडूबाचं 'लाभ रे लाऽभ, दोन रे दोऽन' सुरू झालं की धान्य उफणणाऱ्या बायकांचे हात थांबायचे. मंजुळाबाईचेही थांबायचे. शेषरावाला ते खुपायचं. पण तक्रार करणार कशाची? बायको मोजणी ऐकते, याची?

बॉम्ब खोटेच होते, लोखंडी, आत वाळू भरलेले. बाजूची पट्टी दाबून धरायची. पट्टी सोडली की चार आकडे मोजायचे, आणि चौथ्याला उस्ताद शिट्टी फुंकायचा. शिट्टी वाजली म्हणजे बॉम्ब फुटला. उस्ताद फौजेतून निवृत्त झालेला, मिशाळ, तापट माणूस. आधी उभी पोती मारायची होती, त्यात शेषरावानं मैदान गाजवलं. मग उस्तादानं एका जवानाला सायकलवर बसवलं.

"हा पळता दुश्मन," तो म्हणाला. "शिट्टीच्या वेळी बॉम्ब सायकलीपासून चार हातांच्या आत पाहिजे."

शेषरावानं पट्टी सोडली आणि नेम धरून सणकन फेकला. नेम अचूक होता, पण बॉम्ब दुसऱ्या आकड्यालाच जमिनीवर पडला. शिट्टी वाजेपर्यंत सायकल पार लिंबाखाली पोचलेली. दुसऱ्यांदा त्यानं आणखी जोर लावला, तिसऱ्यांदा त्याहून जास्त. दुश्मन तिन्ही वेळा हसत निघून गेला.

मग कडूबा आला. त्यानं पट्टी सोडली आणि नुसता उभा राहिला.

"लाभ रे लाऽभ."

बॉम्ब हातातच.

"दोन रे दोऽन."

तरी हातातच. लोक ओरडायला लागले, "अबे, फेक ना!" मग त्यानं तिसऱ्या आकड्याला बॉम्ब हलकेच पुढच्या मोकळ्या जागेत टाकला, जिथं कोणीच नव्हतं. चौथ्याला शिट्टी वाजली आणि सायकलीचं पुढचं चाक नेमकं त्याच बॉम्बवर चढून जवान धुळीत लोळला.

"शाब्बास!" उस्ताद मिशीतून हसला. "पळता दुश्मन जिथं आहे तिथं मारू नका. जिथं जाणार आहे तिथं मारा, आणि तोवर दम धरा. तू रे, इतका दम कुठून आणलास?"

"पायली हालली का दाणा सांडते, उस्ताद," कडूबा लाजून म्हणाला. "मंग घाई कायले करा?"

बातमी शेषरावाच्या आधी घरी पोचली होती. मंजुळाबाईनं ताटात भाकर वाढली आणि म्हणाली, "कडूबा भावजीनं म्हने सायकलच लोळवली. त्याइच्या मोजण्यातच बरकत हाय, माय!"

शेषरावानं हातातला घास परत ताटात ठेवला. याला दुसरं नाव नाही, हा हेवा होता. त्या काडीपैलवानाचा हेवा, त्याच्या आवाजाचा, त्याच्या त्या संथ उभं राहण्याचा. आपण नेम शिकायला जन्म घालवला आणि हा पायल्या भरता भरता शिकून बसला! तो उठून हात धुऊन आला, पण आग काही विझली नाही.

दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी मैदानावर गेला. उस्ताद एकटाच चहा पीत होता.

"उस्ताद, एक विचारू? कडूबा लाभ लाभ करते. ते खळ्यावरचं हाय. फौजेत असं चालते काय?"

उस्तादाचा पारा चढला. हे मैदान आहे की धान्याचा मोंढा? त्या सकाळी हुकूम निघाला: मोजायचं ते एक, दोन, तीन, चार. दुसरा शब्द तोंडातून निघाला तर खबरदार.

कडूबानं पट्टी सोडली. "ए..." म्हणाला आणि थांबला. तीस वर्षांत त्या तोंडातून पहिला आकडा म्हणून तो शब्द कधी निघालाच नव्हता. "एक," त्यानं कसंबसं म्हटलं, पुन्हा अडखळला, पुन्हा "एक" म्हणाला, आणि शिट्टी वाजली तेव्हा बॉम्ब त्याच्या हातातच होता.

"तू मेलास!" उस्ताद गरजला. "आणि शेजारचे चार घेऊन मेलास!"

मैदान खदाखदा हसलं. उस्तादानं त्याला शिक्षा दिली: रोज सकाळी एक-दोन-तीन-चार ओरडत मैदानाच्या पंधरा फेऱ्या. शिबिर संपेपर्यंत कडूबा पळत होता.

आणि शेषराव? त्यानं सायकल तीनदा पाडली. ओठ घट्ट मिटून, मनातल्या मनात 'लाभ रे लाभ, दोन रे दोन' म्हणत. लाल फीत त्याला मिळाली. मंजुळाबाईनं ती निमूट शिवून दिली.

पंधरा दिवसांनी शेषरावाच्या खळ्यावर रास पडली. त्या वर्षी ज्वारी टपोरी, मोत्यासारखी आली होती. राशीची पूजा झाली, नारळ फुटला. शेषराव फितीचा सदरा घालून उभा होता. कडूबानं पायली भरली, हातानं सपाट केली आणि उचलली. बायकांचे हात थांबले.

"एक," कडूबा म्हणाला.

शेषरावाच्या म्हाताऱ्या चुलतीनं, झुंबरबाईनं, कपाळावर हात मारला. "काय बोल्ला रे मेल्या! भरल्या राशीले एक म्हंतात काय?"

"तोंडात तेच बसलं, काकू," कडूबा खाली मान घालून म्हणाला. "कोणं उस्तादाले सांगतलं कोण जाणे. लाभ म्हणाले गेलो का शिट्टीच आयकू येते."

तो खरं बोलत होता की दुखरी जागा हेरून बोलत होता, हे शेषरावाला आजतागायत कळलेलं नाही. पायली तशीच अधांतरी होती. वर्षभराची भाकर त्या राशीत होती, आणि मंजुळाबाई राशीकडे न पाहता नवऱ्याकडे पाहत होती.

"म्या सांगतलं," शेषराव म्हणाला.

"काय?" कडूबानं मान वर केली.

"उस्तादाले म्याच सांगतलं. तुह्यावर जळत होतो." त्याचा आवाज फाटला. "अन् सायकल पाडली ते म्या लाभ मोजूनच पाडली. तुह्याच मोजणीनं. आता त लाभ म्हण, बे!"

कडूबानं त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ, चांगले चार आकडे होतील इतका वेळ पाहिलं. मग पायली राशीत परत ओतली, पुन्हा भरली, पुन्हा सपाट केली.

"लाभ रे लाऽभ."

झुंबरबाईनं राशीला हात जोडले. बायकांचे ओठ त्या आवाजामागं हलायला लागले. मंजुळाबाईनं डोळे मिटून घेतले होते आणि तिचेही ओठ हलत होते.

"दोन रे दोऽन."

शेषरावाच्या पोटात पुन्हा तीच आग पेटली.