पहिला नारळ

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत कुंभारीच्या पैलवानानं बार्शीच्या मल्लाला आस्मान दाखवलं, आणि लगोलग त्याच्या वस्तादाला, सिद्धाप्पाला, संस्थानाच्या तालमीचं बोलावणं आलं.

कुंभारीचा आण्णा पाटील विचारात पडला. वस्ताद गेला की तालीम ओस पडणार. त्याला थोपवायचं तर गावापाशी द्यायला होतं तरी काय? एकच. जत्रेतल्या कुस्त्यांचा पहिला नारळ फोडायचा मान, तोही पाटलाच्याच घराण्याचा.

"आजोबांचा मान परक्याला देता व्हय?" आण्णाची बायको केराबाई फणकारली.

"गाव सोडून गेला तर मग परकाच की," आण्णा म्हणाला.

जत्रेत हलगी कडाडली. चार गावांदेखत आण्णानं नारळ सिद्धाप्पाच्या हाती ठेवला. "वस्ताद, आजपासनं हा मान तुमच्या घराचा."

सिद्धाप्पानं नारळ कपाळी लावला. मग हळूच म्हणाला, "बांधलंत की हो आण्णा. मानकरी गाव सोडून कुटं जातुय?"

"का, ऱ्हायचं मन न्हवतं व्हय?"

"आमच्या लेकीची, मायाक्काची, नजर चाललीया. तितं संस्थानात डोळ्याचा लई मोठा डागदर हाय."

आण्णाच्या ओठांवर आलं, जावा वस्ताद. पण देवापुढं दिलेला मान माघारी घ्यायची रीत नव्हती. नारळ फुटला, तांबड्या मातीत पाणी जिरलं, आणि बायकांच्या घोळक्यात मायाक्का आवाजाच्या रोखानं मान वळवून हसत राहिली.