दगडी बाईचं हळदीकुंकू

ड्यूटीवर घरचं माणूस न्यायचं नाही, हा म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीला घरोघरी बायका पाठवणाऱ्या आमच्या एजन्सीचा पहिला नियम. एक तक्रार गेली की नोकरी जाणार, आणि तिच्यावर टांगलेला व्हिसाही. तरी त्या शुक्रवारी मी सासूबाईंना गाडीत घातलं. माझा नवरा समीर वेलिंग्टनला गेला होता, आणि आदल्या दिवशी फोडणीच्या धुराने अलार्म वाजल्यापासून त्या आमच्या टाकानिनी उपनगरातल्या घरात एकट्या थांबायला तयार नव्हत्या.

"तिथे हॉलमध्ये गप्प बसायचं, आई. कशाला हात लावायचा नाही."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

मिसेस थॉर्नली नव्वदीच्या, एकट्या. त्यांच्या दगडी घराला सगळे 'ॲबी' म्हणतात. इंग्लंडमध्ये त्यांच्या घराण्याचा वाडा म्हणजे मूळचा ख्रिस्ती मठ, 'ॲबी'. राजाने तिथल्या साधूंना हाकललं आणि तो यांच्या सरदार पूर्वजांना दिला. त्यांचे पणजोबा इकडे आले ते तिथली एक थडग्याची शिळा जहाजात घालूनच. शिळेवर सातशे वर्षांपूर्वीची सरदाराची बायको कोरलेली, हात जोडलेली, नाक झिजलेलं. ती हॉलमध्ये भिंतीला टेकून उभी असते. नेमका त्याच सकाळी त्यांचा पुतण्या रॉजर म्युझियमच्या बाईंना घेऊन ती बघायला येणार होता.

मिसेस थॉर्नलींना आंघोळ घालून खुर्चीत बसवलं आणि चष्मा आणायला मी हॉलमध्ये आले. बघते तर सरदारणीच्या कपाळावर ठसठशीत हळदीकुंकू! सांडलेली हळद गालावरून थेट जोडलेल्या हातांपर्यंत.

 धावत जाऊन भांडी घासायचा स्पंज आणला, साबण लावून घासायला लागले, तर पिवळं जाण्याऐवजी लालभडक झालं. हळदीपासूनच कुंकू बनतं हे मला ठाऊक होतं, पण बनताना त्या दिवशी पाहिलं. बाईचं डोकं फुटल्यासारखा तो रंग खाली ओघळत होता.

"का केलंत हे? गेली ना माझी नोकरी!" मी ओरडलेच.

सासूबाई करंडा घट्ट धरून उभ्या होत्या. "हे गेल्यापासून कुणाला कुंकू लावलं नाही गं. लावून घेत नाही कुणी. संक्रांतीला तुझ्या मैत्रिणी आल्या, तेव्हा मी आतच बसले. हिला विचारलं, लावू का? ही नाही म्हणाली नाही."

मी स्पंज खाली ठेवला.

मागे चाकं करकरली. मिसेस थॉर्नली स्वतःच खुर्ची ढकलत आल्या होत्या. "काय म्हणतायत त्या?"

मी अडखळत सांगितलं. त्यांचे पती गेले, म्हणून हा रंग त्यांच्या हातून कुणी लावून घेत नाही. बाहेर खडीवर गाडी थांबल्याचा आवाज आला. मिसेस थॉर्नलींनी खुर्ची शिळेपाशी नेली. मग पुढे वाकून त्यांनी त्या ओल्या गालावर तळवा टेकवला.

"हे कुणी केलं?" रॉजर दारातूनच गरजला.

 इंग्रजी नीट कळलं नाही तरी सूर कळून सासूबाई पुढे झाल्या. "सर, आय डिड."

"मी केलं, रॉजर," मिसेस थॉर्नलींनी लाल तळवा वर केला. "माझ्या घरात, माझ्या पणजोबांनी आणलेल्या बाईला. तुझी काही हरकत?"

म्युझियमच्या बाई वाकून डाग तपासायला लागल्या.  रॉजर माझ्या छातीवरच्या बॅजवरचं नाव वाचत होता. एजन्सीला एक फोन, बस. 

सासूबाई करंडा स्वेटरच्या खिशात लपवत होत्या. मी त्यांचा हात धरला आणि त्यांच्यासमोर मान वाकवली.

"लावा."

"अगं, सगळे बघतायत. आणि मी तर..."

"मी नाही म्हणाले का?"

त्यांचं बोट माझ्या कपाळाला टेकलं.