काचेतली कोरी टोपली

मित्रांनो, मी देवदाराच्या सालीची एक जुनी टोपली आहे. जुनी खरी, पण कोरी. माझ्यात कधी मूठभर शिंपल्यासुद्धा पडल्या नाहीत, हेच माझं दुखणं.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, आमच्या सॅलिश आदिवासींच्या वस्तीतल्या शाळेत रोझली शिकत होती. तिनं मला विणलं. विणकाम शिकवणाऱ्या डेल्फीन आजीबरोबर रानात जाऊन तिनं आधी झाडाची परवानगी मागितली, मग साल काढली, भिजवली. बोटं सोलवटली, पण पोरीनं माझा नाद सोडला नाही. मी पुरी झाले तेव्हा आजीनं मला उलटंपालटं करून पाहिलं.

"बूड वाकडंच आहे गं. तुझ्या मामासारखं, एका जागी बसायचं नाव नाही."

"असू दे. तुलाच द्यायचीय ती," रोझली लाजत म्हणाली.

आमच्या वस्तीत पहिलं विणकाम कुणी स्वतःकडे ठेवत नाही. ते शिकवणाऱ्याच्या हाती द्यायचं, मगच पुढचं शिकायचं. रोझलीला झाकण विणायला शिकायचं होतं, आणि ते एकट्या आजीलाच येत होतं.

तेवढ्यात शाळेनं मुलांच्या कलेचं प्रदर्शन भरवलं. "आधी लोकांना बघू दे की. मी कुठं पळून चाललेय?" असं आजीच म्हणाली. तिलाही अभिमान वाटत होता हो.

मला पहिलं बक्षीस मिळालं आणि मी काचेच्या कपाटात जाऊन बसले. पाहुणे वाहवा करायचे. प्रदर्शन संपलं, तरी मुख्याध्यापक म्हणाले, "राहू दे अजून थोडे दिवस, शाळेची शान आहे." रोझलीला नाही म्हणवेना. आणि भेट तोंडानं मागायची नसते, असं मानणारी आजी! ती यायची, काचेपुढे उभी राहायची आणि निघून जायची. मला फार वाईट वाटायचं.

त्या हिवाळ्यात आजी गेली. नंतर शाळेनं मला परत देऊ केलं, पण रोझलीनं नेलं नाही. न्यायचं कुणासाठी?

आता ती त्याच शाळेत विणकाम शिकवते. दरवर्षी प्रदर्शन भरतं, टोपल्या सुरेख असतात आणि सगळ्या उघड्या असतात. एखादी पोरगी विचारते, "बाई, झाकण कसं विणायचं?"

"मला नाही येत गं," रोझली म्हणते आणि साल भिजवायला घेते.

मित्रांनो, माझं कौतुक पुरे झालं. तुमच्या हातून पहिलीवहिली वस्तू घडली, तर ज्याची त्याला आधी देऊन टाका. प्रदर्शन मागाहूनही भरवता येतं.