तीन वर्षांची दया

नाईलकाठच्या आमच्या फौजदारी कोर्टात मी पुकारा करणारा शिपाई. त्या दिवशी पिंजऱ्यात रश्वान उभा होता. वय एकोणीस. पाण्याच्या पाळीवरून शेजारच्या दखीलनं त्याच्या बापाचा गुडघा दगडानं फोडला, वर तोंडावर थुंकला. रश्वानच्या हातात ऊसतोडीचा कोयता होता. पहिल्या घावात मान लोंबली, दुसऱ्यानं जबडा उघडा पडला. तिसऱ्याची गरजच नव्हती. पोरानं सात घातले.

न्यायाधीश बहगतसाहेब दूरच्या अलेक्झांड्रिया शहरातले, मऊ मनाचे. पंधरा वर्षं द्यायची की दयेचं कलम लावून तीन, हे त्यांच्याच हातात होतं.

दखीलची आई वहीबा पुढं आली. "साहेब, पंधराच द्या."

"बाई, सूडानं कुणाचं पोट भरत नाही."

"सूड कोण मागतंय? माझा धाकटा मन्सी वीस वर्षांचा आहे. पंधरा वर्षांत त्याचं लग्न होईल, पोरं होतील, डोकं निवेल. तीन दिलीत तर तो ह्याला तुरुंगाच्या दारातच लोळवेल."

"कोर्टाला धमकी देता?"

"धमकी नाही हो, बाबा! तुमचे हात चुंबते."

मी वहीबाच्या शेजारच्या गावचा. ती दोन्ही पोरं वाचवायला बघत होती, हे मला कळलं. पण शिपायानं न्यायाधीशाला शिकवायचं? मी गप्प राहिलो.

साहेबांनी तीन वर्षं दिली.

"आमच्या भावाची किंमत तीन वर्षं?" बाकावरून मन्सी एवढंच म्हणाला, आणि हसला.

तीन वर्षांनी रश्वान फाटकाबाहेर आला. कुबडीवरचा बाप त्याला मिठी मारायला पुढं सरकत होता. मन्सीनं नाव घेऊन हाक मारली. रश्वान वळला, तशी गोळी तोंडात घुसली. पडल्यावर छातीत आणखी दोन. बाप अंगावर आडवा पडला, पुढच्या गोळीनं त्याचा पंजा उडाला.

मन्सीचा खटला बहगतसाहेबांपुढंच आला. फाशी, नाहीतर जन्मठेप. साहेब वहीबाला म्हणाले, "बोला बाई. या वेळी ऐकतो."

"मला कशाला विचारता? त्या पोराच्या आईला विचारा."

रश्वानची आई आलीच नव्हती. साहेबांनी जन्मठेप सुनावली.

परवा वहीबा बसथांब्यावर दिसली, मुलासाठी भाकरीची टोपली घेऊन. मी मान खाली घातली.

"आत आहे तोवर जिवंत आहे," ती म्हणाली, आणि बसमध्ये चढली.