हरवलेला चमचा

मुलांच्या सुधारगृहात जेवणानंतर चमचे मोजून घ्यायची पद्धत होती. आज एक कमी भरला आणि अधिकारी साहेबांचं डोकंच फिरलं. "चमचा मिळेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही!"

तासभर झाडाझडती झाली. शेवटी सगळे ज्याला काडी म्हणत, तो किडकिडीत पोरगा उठला. "मीच घेतला, साहेब. गटारात टाकला."

नोंद करायला साहेबांनी पेनासाठी खिशात हात घातला, तर हाताला चमचा लागला. जेवण चाखून त्यांनीच तो खिशात टाकला होता. त्यांची मती गुंग झाली.

"अरे, मग तू कबूल का झालास?"

"सगळे ताटकळले होते, साहेब."

साहेबांना काही उमजेना. ऑफिसात जाऊन त्यांनी काडीची फाईल उघडली. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, 'मुलाने गुन्हा स्वतःहून कबूल केला.'