वळणावरच्या वामी

बाबांना माती देऊन सगळे दफनभूमीच्या फाटकाशी हात धूत होते, तेव्हा लायनल रिपेकाजवळ आला. गावातली प्रेतं धुऊन, टिकवून घरच्यांच्या हवाली करणं हा त्याचा धंदा. बाही भिजली तरी तो नळाखालून हात काढत नव्हता.

"रिपेका, माझ्या हातून एक चूक झालीय. आमची वेगळी टाकी भरली होती, उपसायला गाडी आलीच नाही. तुम्ही सगळे बाहेर ताटकळलेले, तुझ्या बाबांना लवकर मराएवर न्यायचं म्हणून..."

"धुतलेलं पाणी गटारात सोडलंस."

"हो."

तिने हात झटकले. राग यायला हवा होता. ती थोडी थांबूनही राहिली, पण आला नाही. मेलेल्याला धुतलेलं पाणी नदीत जाऊ नये, मातीतच मुरावं, म्हणून बाबा नगरपालिकेशी निम्मं आयुष्य भांडले होते. ती टाकी त्या भांडणातूनच आलेली.

रिपेका गावाच्या मैलापाणी केंद्रात कामाला होती. गटारातून आलेलं पाणी टाक्या-तळ्यांतून फिरून दुसऱ्या दिवशी नदीला लागतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. बाबांना धुतलं त्याला त्याहून जास्त दिवस झाले होते.

मराएच्या, म्हणजे जमातीच्या सभाघराच्या, स्वयंपाकघरात हुईया आत्या धुरी दिलेल्या वामी थाळ्यांत लावत होती.

"कुठल्या या, आत्या?"

"कुठल्या म्हणजे? केंद्राखालच्या नदीच्या वळणावरच्या. काल काढल्या. तुझ्या बापाला दुसऱ्या चालायच्या का?"

रिपेकाने सांगितलं. आत्याची सुरी थांबली.

"तुमच्याकडे पाणी साफ होतं ना? येईल त्याला ग्लासात धरून दाखवत असतेस."

"जंतू मरतात, आत्या."

"मग?"

"बाबा जात नाहीत त्यातून."

आत्या उपड्या खोक्यावर बसली. "बाहेर पाहुण्यांत तूरोआ बसलाय. डोंगर ओलांडून आलाय तो वामींसाठी, माझ्या भावासाठी नाही."

"मटण आहे की."

"मटण त्याच्या घरीही शिजतं, बये!"

लायनल कुठे बोलला नसता, कुणाला कळलंही नसतं. तरी रिपेकाने पहिली थाळी उचलली. आत्या शिव्या देत दुसरी घेऊन मागोमाग आली. दोघींनी मागच्या कुंपणापाशी खड्डा करून वामी पुरल्या.

पंगतीत तूरोआने मान उंच करून पाहिलं. "हुईया, वामी कुठे दडवल्यास? म्हातारी झालीस की चिक्कू?"

"माझ्या भावानं जाता जाता सगळ्या नेल्या," आत्या म्हणाली. लोक हसले. ती खाली बसली.

मेलेल्याचं पाणी लागलं की नदी काही काळ बंद ठेवायची, ही रीत; ते कुणीतरी सगळ्यांना सांगायला हवं होतं. आजवर ते बाबा सांगत. रिपेका उभी राहिली.

"केंद्राखालची नदी आजपासून बंद." सकाळच्या पाळीत मीटरचे आकडे वाचावेत तसा तिचा आवाज होता. "मासा नाही, वाम नाही, पोहणं नाही. बाबांना धुतलेलं पाणी तिच्यात गेलंय."

लायनलने ताटावरून नजर उचलली नाही.

"कधीपर्यंत?" तूरोआने विचारलं. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

रिपेकाने आत्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस? तुलाच ठरवायचंय."

"वामींच्या पुढच्या हंगामापर्यंत," रिपेका म्हणाली आणि बसली. ताटातलं मटण गार झालं होतं. ती खात राहिली. मीठ आहे की नाही, ते तिला कळत नव्हतं.