थोरलीऐवजी धाकटी

विमान सुटायला चार तास.

तिने पडद्यावरचे बावीस चौकोन एकेक करून लाल केले. समोरचा वारा आज हट्टाला पेटला होता. सतरा तासांच्या वाटेला इंधन जास्त लागणार, म्हणजे माणसं कमी न्यायची. बावीस खुर्च्या रिकाम्याच उडणार.

फोन वाजला. नवरा खाली विमानतळावर रांगेत उभा होता.

"अगं, बावीस जणांना ताटकळत ठेवलंय. तुझ्या नोकरीतलं सवलतीचं तिकीट, म्हणून मी सगळ्यांच्या शेवटी."

"मग थांबा."

"लेकीचे दिवस भरलेत, जावई बोटीवर. बाळ काही वारा पडायची वाट बघणार नाही."

"अहो, वारा काही माझ्या माहेरचा नाही."

तिने फोन ठेवला. मग लेकीचा नंबर काढला, नि न लावताच बंद केला.

सुटायला साडेतीन तास.

या वाटेवरची तीन विमानं तिच्या हाती; कुठलं कधी धाडायचं ते तीच ठरवी. थोरली, मधली, धाकटी ही नावं तिनेच पाडलेली. आता साहेबसुद्धा तीच घेत. मधली परतीच्या वाटेवर होती. आज जायची पाळी थोरलीची: अंगाने जड आणि प्यायला दांडगी. धाकटी नवी, सडपातळ. ती दुपारच्या दोन तासांच्या किरकोळ फेरीसाठी उभी होती.

शेजारच्या टेबलावर वाऱ्याचे आकडे काढणारी मैत्रीण बसे. सगळे तिला वारेवाली म्हणत.

"धाकटी पाठव की," वारेवाली म्हणाली. "बावीसच्या बावीस बसतील. ती किरकोळ फेरी थोरली करेल."

"माहीत आहे."

"मग घोडं कुठं अडलंय?"

"रांगेच्या शेवटाला."

वारेवालीने वाकून यादी पाहिली, शेवटचं आडनाव वाचलं आणि हसू दाबलं.

"एक सांग. भावोजी आज घरी लोळत पडले असते तर?"

ती बोटांत पेन फिरवत राहिली.

"सकाळीच बदललं असतं."

"म्हणजे एकवीस जणांना शिक्षा. का, तर बाविसाव्याने तुझ्याशी लग्न केलं."

पेन थांबलं.

सुटायला तीन तास.

इंधनाची गाडी थोरलीकडे निघाली होती. तिने फोन उचलला.

"गाडी वळवा. धाकटीकडे."

सुटायला वीस मिनिटं.

"बसलो बरं का," नवरा म्हणाला. "खिडकी नाही मिळाली."

"सतरा तास काय ढग मोजणार होतात?"

"माझ्यासाठी केलंस?"

"पट्टा लावा."

विमान सुटलं.

ऐनवेळी विमान बदललं की कारणाचा रकाना भरावा लागे. साहेब तो रोज संध्याकाळी वाचत, आणि घरच्या माणसाची सोय केलेली दिसली की कुणाचीही गय करत नसत. तिने लिहिलं: 'समोरचा वारा. बावीस प्रवासी.'

वारेवालीने मान डोलावली. "चोख आहे. पाठव."

तिने पुन्हा वाचलं. दुसरं वाक्य पुसलं आणि सावकाश, एका बोटाने टंकलं:

'एकवीस प्रवासी आणि माझा नवरा.'